रिगला लिनिअर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी रेडिओ केंद्राच्या रिगला (सिग्नल पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या संचाला) पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे हॅम मंडळींच्या बोलीतला ‘लिनिअर’, जोडण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदाच लिनिअर घेणाऱ्यांचे आहेत, पुढचे कुठेतरी अडलेल्यांचे. लिनिअर जोडताना सगळ्यांचं लक्ष जाड कोॲक्स केबलकडे असतं. बिघाड मात्र बहुतेक वेळा बारीक कंट्रोल वायरीतून सुरू होतात, म्हणून प्रश्न ४ ते ६ ची उत्तरं मुद्दाम मोठी ठेवली आहेत. ती वाचल्याशिवाय रिगला काही जोडू नका.

१. माझा रिग १०० वॅटचा आहे. लिनिअर लावून खरंच किती फरक पडतो?

१०० चे ४०० वॅट झाले की ६ डेसिबेल वाढतात. समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) ते साधारण एक एस-युनिट दिसतं. १०० चे १००० केले तर १० डेसिबेल, म्हणजे पावणेदोन एस-युनिटपेक्षा किंचित कमी. तुम्ही समोरच्याला आधीच खणखणीत ऐकू येत असाल, तर त्याला या वाढीचं काहीच वाटणार नाही. पण सिग्नल गोंगाटाच्या काठावर असेल, तर याच १० डेसिबेलमुळे अर्धवट कळणारा कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) पूर्ण कळतो. ८० आणि १६० मीटरवर, जिथे समोरच्याकडचा गोंगाट मुळातच जास्त असतो, तिथे लिनिअरची किंमत कळते.

लिनिअरने तुमचं ऐकणं मात्र तसूभरही सुधारत नाही. साध्या डायपोलच्या जागी तीन एलिमेंटचा यागी लावला तर ५-६ डेसिबेल मिळतात, आणि ते बोलताना व ऐकताना दोन्हीकडे मिळतात. म्हणून अँटेना सुधारायला वाव असेल तर आधी तिकडे बघा, असं माझं ठाम मत आहे.

२. किती पॉवर वापरायला परवानगी असते?

तुमच्या लायसन्सवर जी लिहिली आहे तेवढी. देश, लायसन्सची श्रेणी आणि बँड यांप्रमाणे आकडा बदलतो. काही बँडवर तो इतर बँडपेक्षा बराच कमी असतो. आपल्या नियमात मर्यादा ‘पीक एन्व्हलप पॉवर’मध्ये (सिग्नलच्या शिखरावरच्या पॉवरमध्ये) दिली आहे की सरासरीत, हेही पाहा. साधा मीटर एसएसबीवर (बोलण्याच्या नेहमीच्या मोडवर) पीक दाखवत नाही. त्यावर ३०० दिसतात म्हणून पीकही ३०० च असेल असं समजू नका.

३. नेमकं काय कशाला जोडायचं?

आरएफचा (रेडिओ सिग्नलचा) मार्ग असा: रिगचं अँटेना सॉकेट, तिथून छोट्या कोॲक्सने लिनिअरचं इनपुट, लिनिअरच्या आउटपुटपासून लो-पास फिल्टर (वापरत असाल तर), मग पॉवर व एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी किती बिघडली आहे ते) दाखवणारा मीटर, मग अँटेना जुळवणारा जास्त पॉवरचा ट्यूनर, आणि शेवटी अँटेना. फिल्टर ट्यूनरच्या आधीच हवा, कारण तो ५० ओमसाठी बनवलेला असतो आणि ट्यूनरच्या पलीकडे ५० ओमची खात्री नसते.

याशिवाय रिगपासून लिनिअरपर्यंत कीइंग लाइनची एक बारीक शिल्डेड वायर जाते. दोन्ही डब्यांच्या अर्थिंग स्टडमध्ये जाड, आखूड पट्टी लावा. एएलसीची वायर सध्या बाजूला ठेवा (प्रश्न ७).

जोडताना इनपुट आणि आउटपुट सॉकेटवर रंगीत चिकटपट्टी लावा. मागच्या पॅनेलवर दोन्ही सारखीच दिसतात आणि आपण बहुधा टेबलाच्या मागे हात घालून चाचपडत जोडत असतो. पहिली चाचणी अँटेनावर नको, पुरेशा क्षमतेच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) करा. आउटपुट मोकळं ठेवून एक सेकंदही पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबू नका.

४. कीइंग लाइन म्हणजे काय? रिगला ती धोकादायक का म्हणतात?

तुम्ही पीटीटी दाबलं की लिनिअरमधला रिले बदलला पाहिजे: इनपुटची आरएफ ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्हकडे, आउटपुट अँटेनाकडे. हे रिगच लिनिअरला सांगतो. सॉकेटची मधली पिन तो ग्राउंडला टेकवतो, एवढंच. पण त्या पिनवर लिनिअरच्या रिले कॉइलचा व्होल्टेज आधीच आलेला असतो, आणि खरी गोम इथेच आहे. आजच्या बहुतेक लिनिअरवर तो ५ ते १२ व्होल्ट असतो. जुन्या व्हॉल्व्हच्या लिनिअरवर तो बराच जास्त असू शकतो. उदाहरणार्थ, हीथकिटच्या एसबी-२२० वर मूळ रचनेत सुमारे १२० व्होल्ट असतात. रिगच्या आतला छोटा ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.

त्यामुळे जोडण्याआधी मोजा. लिनिअर चालू करा, पण रिगची वायर लावू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या रेंजवर ठेवा. तांबडी प्रोब मधल्या पिनवर, काळी बाहेरच्या कड्यावर. आकडा लिहून घ्या आणि त्याच्या आधी उणे चिन्ह आहे का तेही बघा. मग मीटर ॲम्पिअर रेंजवर करा, तांबडी प्रोब मीटरच्या त्या सॉकेटात लावा, आणि त्याच दोन जागी पुन्हा टेकवा. रिले ‘टक्’ असा वाजेल आणि कॉइलचा करंट दिसेल. हे दोन आकडे रिगच्या मॅन्युअलमधल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहा. दोन्ही आरामात आत असतील तरच थेट जोडा.

काही रिगमध्ये ही लाइन मेनूमधून सुरू करावी लागते. सगळं बरोबर जोडूनही लिनिअर हलत नसेल तर आधी तो मेनू बघा.

५. मोजल्यावर व्होल्टेज जास्त निघाला. आता?

मधे बफर घाला. रिग फक्त छोटा ऑप्टोकपलर चालवेल आणि लिनिअरचा व्होल्टेज पलीकडचा जास्त क्षमतेचा ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट पेलेल. रिले कॉइलवर उलटा डायोड आहे ना, हेही बघा. कॉइलचा करंट तुटताना जो झटका येतो तो मूळ व्होल्टेजच्या कितीतरी पट असतो.

व्होल्टेज उणे असेल तर नेहमीचा एन-चॅनेल मॉसफेट चालणार नाही. त्याच्या पोटात असलेला डायोड उलट दिशेने वाहू लागतो आणि लिनिअर कायम ट्रान्समिटवर अडकतो. अशा वेळी पाठीला पाठ लावलेले दोन मॉसफेट असलेला सॉलिड-स्टेट रिले वापरा, त्याला ध्रुवतेचं बंधन नसतं. साधा छोटा रिलेही चालतो, पण त्याचे काही मिलिसेकंद पुढच्या उत्तरातल्या हिशेबात धरा.

६. ‘हॉट स्विचिंग’ म्हणजे काय? माझ्याकडे होतंय हे कसं ओळखू?

रिले बदलायला वेळ लागतो. साध्या उघड्या रिलेला, संपर्क थरथरून स्थिर होईपर्यंत, १५ ते २५ मिलिसेकंद. व्हॅक्यूम रिलेला २ ते ५. रिगमधून आरएफ त्याआधीच बाहेर पडली, तर ती अधांतरी असलेल्या संपर्कांवर येते. तिथे ठिणगी पडते, रिगला क्षणभर मोकळी अँटेना दिसते, आणि संपर्क हळूहळू जळत जातात. हा बिघाड एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच तो घातक आहे.

ओळखायची खूण: प्रत्येक वेळी पीटीटी दाबताना अगदी सुरुवातीला एसडब्ल्यूआरचा दिवा चमकतो आणि मग सगळं ठीक होतं. सीडब्ल्यूवर (मोर्सवर) पहिला डिट, म्हणजे ठिपका, आखूड ऐकू येतो. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगात एक डिट ४८ मिलिसेकंदांचा असतो. रिलेने २० खाल्ले तर जवळपास निम्मा डिट गेला.

उपाय रिगच्या मेनूमध्ये ‘टीएक्स डिले’ या नावाने असतो. साध्या रिलेसाठी तो २५ किंवा ३० मिलिसेकंदांवर ठेवा. फुल ब्रेक-इन (दोन ठिपक्यांच्या मधेही ऐकू देणारं) सीडब्ल्यू हवं असेल, तर लिनिअरमध्ये व्हॅक्यूम रिले किंवा पिन डायोडचं स्विचिंग असलं पाहिजे. साध्या रिलेवर ते करू नका.

७. एएलसीची वायर जोडायची की नाही?

सुरुवातीला नाही. एएलसी म्हणजे लिनिअरने रिगला पाठवलेला उणे व्होल्टेज: ‘ड्राइव्ह जास्त होतोय, कमी कर.’ तो शेवटची राखण म्हणून ठीक आहे, पण पॉवर त्यानेच आवरायची असं ठरवलंत तर सिग्नल खराब होतो. ड्राइव्ह रिगच्या पॉवर कंट्रोलनेच ठेवा.

एक अडचण खरी आहे. काही रिग ३० वॅटवर ठेवले तरी पहिल्या क्षणी १०० वॅटचा झटका देतात. व्हॉल्व्ह तो सहन करतो, एलडीमॉस ट्रान्झिस्टरचा लिनिअर मात्र संरक्षणात जाऊन बंद पडतो. एएलसी इथे उशिरा पोचते. इनपुटला योग्य क्षमतेचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावून रिग पूर्ण पॉवरजवळ चालवणं हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो.

८. रिग ५ वॅटचा आहे. किलोवॅटचा लिनिअर चालेल का?

ग्राउंडेड ग्रिड व्हॉल्व्हचा असेल तर नाही. त्याचं गेन १० ते १३ डेसिबेल असतं, म्हणजे ५ वॅटला ५० ते १०० मिळतील. एलडीमॉसच्या बऱ्याच लिनिअरना पूर्ण आउटपुटसाठी ३०-५० वॅट लागतात, तेही ५ मध्ये भागत नाही. मधे एक लहान टप्पा हवा.

९. रिगमध्येच ऑटो ट्यूनर आहे. तो चालू ठेवू का?

बंद ठेवा. लिनिअर चालू असताना रिगच्या ट्यूनरला अँटेना दिसतच नाही, फक्त लिनिअरचं इनपुट दिसतं. लिनिअर बायपासवर (सिग्नल न वाढवता थेट पुढे जात) असताना मात्र दिसते. मग तो अँटेनासाठी जुळवणी करून ठेवतो, आणि तुम्ही लिनिअर चालू केलात की तीच जुळवणी चुकीच्या जागी लागते. अँटेना जुळवायचीच असेल तर लिनिअरनंतरच्या ट्यूनरने, कमी पॉवरवर, लिनिअर बायपास ठेवून.

१०. कोॲक्स आणि अँटेना तेच ठेवले तर चालेल?

रिग ते लिनिअरचा तुकडा आरजी-५८ असला तरी चालतो, तिथे १०० वॅटच आहेत. आउटपुटला आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली केबल घ्या. ५० ओमवर १००० वॅट म्हणजे सुमारे २२४ व्होल्ट आणि साडेचार ॲम्पिअर. एसडब्ल्यूआर वाढला की केबलवर काही ठिकाणी व्होल्टेज आणि काही ठिकाणी करंट याच्याही वर जातो. नीट न सोल्डर केलेला पीएल-२५९ प्लग इथेच तापतो.

अँटेनाकडे जास्त काळजीने बघा. एका टोकाला फीड केलेल्या हाफ-वेव्ह तारेच्या टोकाशी इम्पिडन्स सुमारे २४५० ओम धरला, तर १०० वॅटला तिथे ५०० व्होल्टच्या आसपास असतात आणि १००० वॅटला जवळपास १५६५. पीक आकडा २२०० च्या पुढे जातो. बलून (केबल आणि अँटेनामधला ट्रान्सफॉर्मर) आणि ट्रॅप (अनेक बँडच्या अँटेनातली कॉइल) यांच्यावर लिहिलेली क्षमता बहुधा एसएसबीची असते, सलग कॅरिअरची नसते.

माझी आवडती चाचणी: पॉवर देताना एसडब्ल्यूआरच्या काट्यावर नजर ठेवा. सुरुवातीला १.३ असलेला काटा अर्ध्या मिनिटात १.६, १.८ असा सरकत गेला तर कुठेतरी काहीतरी तापतंय. बहुतेक वेळा तो बलूनचा फेराइट असतो. थांबा, आणि जाऊन हात लावून बघा. अर्थात ट्रान्समिशन बंद करून, आणि दुसरं कोणी पीटीटी दाबणार नाही याची खात्री करून.

११. घरातल्या साध्या प्लगवर चालेल का?

१००० वॅट आउटपुटसाठी मेन्समधून सुमारे १८०० वॅट लागतात. २३० व्होल्टवर ते ८ ॲम्पिअर, ११५ वर जवळपास १६. वेगळं सर्किट आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड नको. चालू करताक्षणी फ्यूज जात असेल तर बिघाडच आहे असं नाही: रिकामे कपॅसिटर भरताना करंट उसळतो. त्यासाठी सॉफ्ट स्टार्ट लागतो, जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं हा उपाय नव्हे.

१३.८ व्होल्टवर चालणाऱ्या व्हीएचएफ लिनिअरची गोष्ट वेगळी. २० ॲम्पिअर वाहताना वायरीत फक्त ०.०५ ओम असले तरी एक व्होल्ट वाटेतच जातो.

१२. व्हॉल्व्हच्या लिनिअरवर ‘ट्यून’ आणि ‘लोड’ कसे लावायचे?

मॅन्युअलमधल्या त्या बँडच्या आकड्यांवर दोन्ही नॉब ठेवा. अर्ध्याहून कमी ड्राइव्ह द्या आणि ‘ट्यून’ फिरवून आउटपुट सर्वाधिक करा. मग ‘लोड’, मग पुन्हा ‘ट्यून’. हळूहळू ड्राइव्ह पूर्ण करत हेच पुन्हा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर कॅरिअर देऊ नका, मधे तेवढीच विश्रांती. डोळा सतत ग्रिड करंटवर हवा. तो फार जास्त असेल तर लोडिंग कमी पडतंय. कमी ड्राइव्हवर जुळवून नंतर पूर्ण ड्राइव्हवर बोलायला लागणं ही सर्रास चूक आहे. तसं केलं की ग्रिड तापते आणि सिग्नल पसरतो (प्रश्न १७).

हीटरबद्दल: ३-५००झेड लगेच तयार होतो. ८८७७ सारख्या व्हॉल्व्हला किमान तीन मिनिटं तापू द्यावं लागतं, ही वेळ वाचवायला जाऊ नका.

१३. एफटी८ वर पूर्ण पॉवर देऊ का?

नको. एफटी८ या डिजिटल मोडमध्ये १५ सेकंदांच्या खिडकीत १२.६४ सेकंद सलग कॅरिअर असतो, बोलण्यासारखे चढउतार नसतात. लिनिअरवर वेगळी क्षमता लिहिली नसेल तर एसएसबीच्या निम्म्यावर ठेवा आणि पंखा सुरू राहू द्या.

१४. लिनिअर जोडल्यापासून ऐकू कमी येतं. पीटीटी दाबून सोडलं की थोडा वेळ ठीक होतं.

हा रिलेचा ऐकण्याकडचा संपर्क आहे. मीही या लक्षणापायी दोन संध्याकाळी अँटेनावर घालवल्या. कोॲक्स बदलली, जोड उघडून पुन्हा सोल्डर केला, आणि दोष निघाला टेबलावरच्याच डब्यात. अँटेनाकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की संपर्कावर साचलेला पातळ थर त्याला फोडता येत नाही. रिले हलला की संपर्क घासतात आणि काही मिनिटं सगळं पूर्ववत होतं.

खात्री करायला लिनिअर पूर्ण काढून रिग थेट अँटेनाला जोडा. सिग्नल परत आला तर निदान पक्कं. सफाई कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कांमधून ओढून करा. सँडपेपर लावलात तर वरचा मुलामा जाईल. पण झाकण उघडण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

१५. झाकण स्वतः उघडावं का?

व्हॉल्व्हच्या लिनिअरमध्ये २००० ते ३५०० व्होल्ट डीसी असतात. मेन्सचा प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये ते राहू शकतात. चार्ज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल तर बराच वेळ. प्लग काढून तो नजरेसमोर ठेवा. हाय व्होल्टेजचा मीटर शून्यावर येईपर्यंत थांबा, पण त्या मीटरवरही विसंबू नका. लांब इन्सुलेटेड दांड्याच्या टोकाला रेझिस्टरमधून चॅसीला जोडलेला हूक लावून चार्ज उतरवा, मग थेट शॉर्ट करा, आणि काम संपेपर्यंत तो शॉर्ट तसाच ठेवा. अंगठी, घड्याळ काढा. दुसरा हात खिशात. घरात एकटे असाल तर आज काम करू नका. झाकणाचा इंटरलॉक कधीही निकामी करू नका. यातली एकही पायरी पाळता येणार नसेल तर जाणकाराकडे द्या.

१६. बोलताना आवाज घरघरतो, कॉम्प्युटर अडकतो, घरातले स्पीकर बोलायला लागतात.

कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) परत येते आहे. १०० वॅटला ती होतीच, पण जाणवत नव्हती. अँटेनाच्या फीड पॉइंटवर कॉमन मोड चोक लावा. एचएफच्या खालच्या बँडसाठी ३१ नंबरच्या मिक्सच्या फेराइट कड्यावर कोॲक्सचे अनेक वेढे, कारण केबलवर एकच मणी अडकवून फार काही होत नाही. मग यूएसबी, माइक आणि पॉवरच्या वायरी. जमिनीत आणखी एक सळई ठोकून हे सहसा सुटत नाही. सगळे डबे एकमेकांना आखूड पट्टीने बांधल्याने मात्र फरक पडतो.

१७. जवळचे हॅम म्हणतात तुझा सिग्नल फार पसरलाय. लिनिअर खराब आहे का?

बहुधा नाही, ड्राइव्ह जास्त आहे. आधी लिनिअर बायपास करून त्यांनाच ऐकायला सांगा. पसरणं तेव्हाही असेल तर दोष रिगच्या माइक गेन आणि कॉम्प्रेसरमध्ये आहे, लिनिअर तोच दोष मोठा करून पाठवतो. फक्त लिनिअरसह असेल तर ड्राइव्ह कमी करा आणि लोडिंग तपासा (प्रश्न १२). शेवटचे ५० वॅट सोडून दिल्याने तुमचा सिग्नल कोणालाही कमी ऐकू येणार नाही, शेजारच्या फ्रीक्वेन्सीवरच्या माणसाला मात्र बँड परत मिळेल.

१८. अँटेना गच्चीवर आहे, तिथे माणसं येतात. धोका आहे का?

१०० वॅटला ठीक होतं म्हणून १००० ला ठीक असेलच असं नाही. पॉवर दहापट झाली की तेवढंच विद्युतक्षेत्र मिळायला सुमारे तिप्पट अंतर लागतं. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मर्यादेत ३० ते ४०० मेगाहर्ट्झ दरम्यान सर्वसामान्य माणसासाठी सुमारे २८ व्होल्ट प्रति मीटर धरतात. तुमच्या बँडसाठी, सरासरी पॉवर घेऊन हिशेब करा. जमिनीलगतची तार आणि उभ्या अँटेनाचा पाया माणसाच्या हाताला येणार नाही असं बघा: प्रश्न १० मधला व्होल्टेज त्वचा भाजायला पुरेसा आहे.

१९. व्हीएचएफवर मास्टवर प्रीॲम्प्लिफायर आहे. तिथे काय वेगळं?

तिथे क्रमच सगळं ठरवतो. आधी प्रीॲम्प (ऐकताना सिग्नल वाढवणारा) बाजूला झाला पाहिजे, मग कोॲक्स रिले, मग लिनिअर, आणि सगळ्यात शेवटी आरएफ. सोडताना उलट. हे काम सीक्वेन्सर करतो. त्याच्याशिवाय प्रीॲम्पचा ट्रान्झिस्टर एका चुकीत जातो.

आरएफ ओळखून स्वतःच बदलणारे छोटे लिनिअर इथे टाळा. आरएफ आल्यावरच ते हलतात, म्हणजे प्रत्येक वेळी हॉट स्विचिंग. फक्त एफएमवर, प्रीॲम्प नसताना वापरायचे तर चालतील. एसएसबीवर त्यांचा डिले स्विच चालू नसेल तर दोन शब्दांच्या मधेच रिले सुटतो.

२०. दोन रिग आणि एकच लिनिअर. टी-जोडाने जमेल?

टी-जोड कधीच नको, एका रिगची आरएफ थेट दुसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये जाईल. कोॲक्स स्विच वापरा. पण फक्त आरएफ बदलून भागत नाही, कीइंग लाइनही त्याच खटक्यात बदलली पाहिजे. नाहीतर आरएफ एका रिगची आणि हुकूम दुसऱ्याचा अशी अवस्था होते. बँडची माहिती लिनिअर रिगकडून आपोआप घेत असेल तर तीही बदला. वेगवेगळ्या कंपन्यांचे रिग ती वेगवेगळ्या प्रकारे देतात, कोणी व्होल्टेजच्या रूपात, कोणी बीसीडी या आकडी कोडमध्ये. ती जमत नसेल तर लिनिअरचा बँड हातानेच लावा, आणि रिग बदलल्यावर पहिली पीटीटी कमी ड्राइव्हवर द्या.